वरच्या मजल्याची डाऊन लाईन

आमच्या घरात इंटरनेटची वायर एक आणि वापरणारे चौघं. त्यातल्या तिघांना अक्कल आहे. चौथे म्हणजे आमचे हे. डहाणू रोडच्या रेल्वे केबिनमध्ये रुळांचे सांधे बदलण्यात तेहतीस वर्षं गेली, रिटायर झाले आणि हातात मोबाईल आला.

सोमवारी ह्यांनी आगरच्या बंदरावर काढलेला बोंबलांचा व्हिडिओ खालच्या टीव्हीवर लावायला घेतला. तो गेला वरच्या टीव्हीवर. वर आमची सून अदिती ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेली. तिच्या डोक्यामागे दोरीवर बोंबील लटकलेले सगळ्या साहेबांनी पाहिले.

कंपनीने कळवलं, ऑफिसचं नेटवर्क घरापासून वेगळं करा. शुक्रवारी तपासू, नाहीतर रोज मुंबईला या. म्हणजे मुलगा आणि सून बोरिवलीला भाड्याने राहणार आणि इथे आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत बसणार.

गुरुवारी मुलाने, यतीनने, सुट्टी टाकली आणि त्याच एका वायरवर दोन नेटवर्क केली. दुसऱ्याचं नाव आपोआप 'गेस्ट' असं आलं. त्यावर त्याने वडिलांचा फोन जोडला, आणि झालं!

"फंडाच्या पैशातून घर बांधलं मी, आणि पाहुणा मीच?"

हे जेवायलाच उठेनात. अदिती बिचारी म्हणाली, मी होते गेस्ट. तर आणखी भडकले. घरची सून पाहुणी कशी, म्हणे. शेवटी यतीनने हात जोडले आणि नावं तुम्हीच द्या म्हणाला. ह्यांनी लगेच कागदावर लिहून दिली, अप आणि डाऊन.

यतीन खूश झाला. वरच्या मजल्याला अप, खालच्याला डाऊन. पण कागदावर उलटं होतं, वर डाऊन आणि खाली अप. त्याने तीनदा समजावलं. मीही म्हटलं, अहो, वर म्हणजे अप, एवढं पोराबाळांना कळतं. ह्यांचं एकच, लिहिलंय तसंच करायचं.

शुक्रवारी तपासणीच्या माणसाने फोनवर विचारलं, तुमचं नेटवर्क कुठलं? अदिती म्हणाली, डाऊन. तो म्हणाला, डाऊन असेल तर तपासू काय, नापास लिहितो. तिला रडूच फुटायचं बाकी होतं. ते नाव आहे हे त्याला पटवण्यात अर्धा तास गेला, तेव्हा कुठे पास झाली.

ती तडक खाली आली. आजवर सासऱ्यांना उलट बोलली नव्हती, पण आज तिचा आवाज चढला.

"बाबा, वर राहते मी. मला अप का नाही दिलीत?"

ह्यांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

"अप गाडी मुंबईला जाते."

अदिती तिथेच पायरीवर बसली. अक्कल असलेल्या आम्हा तिघांना हे सुचलं नव्हतं.