एल्वीमावशीची इस्त्री

मी एक इस्त्री बोलतेय. विजेची नव्हे, अख्ख्या ओतीव लोखंडाची, चुलीवर बसून तापणारी. माझ्यासारख्या सहा जणी सिडनीच्या एका कारखान्यात एकाच दिवशी जन्मल्या आणि आगगाडीने पश्चिमेला, कोरड्या मुलखातल्या एका गावी आल्या. तिथे मुलींचं एक वसतिगृह होतं. आम्हाला त्याच्या धुणीघरात ठेवलं.

दाराच्या पाटीवर लिहिलं होतं, अनाथ मुलींसाठी. पण बहुतेकींच्या आया नदीकाठच्या वस्त्यांत जिवंत होत्या. त्या मातीच्या मूळ माणसांच्या या मुली. पोलीस मोटारीने यायचे, कागद दाखवायचे आणि पोर घेऊन जायचे. आता ती गोऱ्यांच्या रीतीने वाढेल, शिकेल, त्यांच्या घरी कामाला लागेल, असं सांगायचे. आत आल्यावर मुलीला एक नंबर मिळायचा आणि तो तिच्या फ्रॉकच्या गळ्याशी शिवला जायचा. मुलींच्या आधी मला त्यांचे नंबरच कळायचे.

एल्वी आली तेव्हा हिवाळा होता. सडपातळ बाई, डोक्याला रुमाल. वसतिगृह सांभाळणाऱ्या मेट्रनने विचारलं, "मुलंबाळं आहेत?"

"नाहीत, बाईसाहेब."

"खळ करता येते?"

"गव्हाची, तांदळाची, बटाट्याची. कुठली हवी?"

तिला लगेच ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी ढिगातला एकोणीस नंबरचा फ्रॉक हातात आला आणि तिने मला बाजूला ठेवलं. नंबरावर तळवा ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. मग इतक्या हळू इस्त्री केली, की मी पार निवून गेले.

पुढे कामाच्या नादात ती पुटपुटायची, त्यातून मला सगळं कळलं. एकोणीस नंबर म्हणजे तिची कोरल. एल्वी मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांच्या तांड्यावर स्वयंपाकाला गेली होती, तेव्हा चार वर्षांच्या कोरलला आजीच्या हातातून ओढून नेलं. एल्वी दोन वर्षं शोधत फिरली, तेव्हा कुठे हे वसतिगृह आणि तो नंबर तिला कळला. फाटकाशी येऊन 'माझी मुलगी द्या' म्हणणाऱ्या आयांचं काय होतं, ते तिने वाटेत ऐकलं. त्यांना पोलीस हाकलतात आणि मुलीला आणखी लांब धाडतात. म्हणून ती आई म्हणून आलीच नाही. धोबीण म्हणून आली.

दुसऱ्या आठवड्यात कोरल स्वतः कपड्यांची टोपली घेऊन आली. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. तिने आईला ओळखलं नाही.

"मावशी, तुमचे हात किती लाल झालेत."

"सोड्याने होतात गं. तुझं नाव काय?"

"एकोणीस."

"ते फ्रॉकचं. तुझं सांग."

"कोरल." मग टोपली खाली ठेवत ती म्हणाली, "मेट्रनबाई म्हणतात, माझी आई मेली."

मी तेव्हा एका चादरीवर होते. एल्वीचा हात थांबला. माझ्याखाली कापड करपायला लागलं, धूर निघाला, तरी तिला कळेना. मी ओरडले असते, पण मला कुठला आवाज!

"मावशी, जळतंय."

तिने मला उचललं. चादरीवर माझ्या आकाराचा तपकिरी डाग पडला होता. "तिला मेलेलं कुणी पाहिलंय?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"मग तू तरी ती मेली असं धरू नकोस."

त्या चादरीपायी एल्वीला संध्याकाळभर बोलणी खावी लागली. तिने खाली मान घालून ऐकून घेतली.

खरं सांगायला तिचा जीव कासावीस व्हायचा. पण सहा वर्षांच्या पोरीच्या पोटात असली गोष्ट राहील कशी? एक शब्द बाहेर गेला असता, तर दोघींची ताटातूट झाली असती. मग तिने दुसरंच काहीतरी सुरू केलं. धुणीघरात पाळीने चार-चार मुली कामाला यायच्या. बंबाच्या आवाजात बाहेर काही ऐकू जात नसे. एल्वी एकेकीला विचारायची, "तू कुठल्या वस्तीवरची? कुणाची?" ती नदीकाठ सगळा पायाखाली घातलेली बाई. अर्धा मुलूख तिच्या नात्याचा.

"हे कपाळ मी ओळखते. तू डॉटची पोर. आज्याचं नाव क्लॅरी. मासे कमी पकडायचा आणि गप्पा जास्त मारायचा. म्हण बघू."

"माझी आई डॉट. आज्या क्लॅरी, गप्पिष्ट."

"गप्पिष्ट नाही म्हटलंस तरी चालेल."

"नाही, मला तेही हवंय."

अशी ती पोरींना त्यांची माणसं परत द्यायची. मी आणि माझ्या बहिणी कापडावरून फिरायचो आणि पोरी नावं म्हणायच्या. वाईट होतं ते घर, पण ती खोली तेवढी मला आवडायची.

आठ वर्षं गेली. कोरल चौदाची झाली आणि तिला सिडनीला एका घरी मोलकरीण म्हणून पाठवायचं ठरलं. आदल्या दुपारी ती प्रवासाचा कोट घेऊन आली. धुणीघरात दोघीच होत्या. एल्वीने दार लावलं. पण नुसतीच कोटाची कॉलर दाबत राहिली.

कोरलच म्हणाली, "प्रत्येकीला तिची आई सांगायचीस. माझी पाळी आली की आजीपासून सुरू करायचीस. आजी टॉटी, मामा वॉली, कुत्र्याचंसुद्धा नाव. आई तेवढी गाळायचीस."

एल्वीने मला खाली ठेवलं. "कधी कळलं तुला?"

"दुसऱ्या हिवाळ्यात."

"आणि सात वर्षं गप्प राहिलीस?"

"बोलले असते तर तुला घालवलं असतं."

एल्वी खालीच बसली. पदर नाही त्या लोकांत. तिने तो कोटच तोंडावर धरला. कोरलने तिच्या डोक्याचा रुमाल सोडला आणि सावकाश तिचे केस विंचरले. "पुन्हा दाबायला लागेल हा कोट," ती म्हणाली, तेव्हा दोघीही हसल्या.

दुसऱ्या दिवशी कोरल गेली आणि त्याच आठवड्यात एल्वीने काम सोडलं. जाताना पिशवीत मला घातलं. पुढे कुणी विचारलं की सांगायची, "त्यांनी माझी पोर नेली, मी त्यांची इस्त्री नेली. फिटंफाट व्हायला अजून बऱ्याच इस्त्र्या न्यायला हव्यात." सिडनीत ती कोरलच्या मालकिणीच्या दोन गल्ल्या पलीकडे राहिली. कोरलला रविवारी दुपारची सुट्टी मिळायची आणि त्या दुपारी दोघी एकत्र जेवायच्या. राखेत भाजलेली रोटी, काकवी, चहा. पण चार ते चौदा ही दहा वर्षं कुणी परत दिली नाहीत. कोरलला आईच्या कुशीत झोप यायची नाही, सवयच राहिली नव्हती. त्याबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. एल्वी म्हातारपणी गेली, तेव्हा तिचा हात कोरलच्या हातात होता.

त्यानंतर मी कोरलच्या स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने लागू नये म्हणून त्याला टेकून राहिले. आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि त्या वसतिगृहाच्या गावाकडे परत राहायला आली आहे. ते वसतिगृह कधीच बंद पडलं. तिथे वाढलेल्या बायकांनी खटपट करून त्यातलं धुणीघर ताब्यात घेतलं आहे आणि त्या दिवसांच्या वस्तू लोकांना बघायला तिथे मांडल्या आहेत. येत्या गुरुवारी कोरल मला तिकडे ठेवायला नेणार आहे.

तिची नात टानी वैतागली. "आजी, परत त्याच जागी?"

"किल्ली आता आमच्याकडे आहे, पोरी."

खरं सांगू, मला धास्ती वाटतेय. इथे पोरांच्या धावपळीत बरी होते. पण कोरल म्हणते तर जाईन.

तुम्ही कधी आलात, तर मला काचेबाहेरून बघून जाऊ नका. हातात घ्या. दोन क्षणांत मनगट भरून येईल. आठ-आठ वर्षांच्या पोरी मला सकाळपासून दुपारपर्यंत उचलायच्या. ते वजन घेऊन पाहिलंत, की मला हळूच खाली ठेवा आणि कोरलशेजारी बसा. दर गुरुवारी ती तिथे असेल. तिला बोलायला आवडतं, आणि चहात तीन चमचे साखर लागते.