तिसऱ्या फळीवरची भांडी

"आधी वास घे. चव नंतर," असं म्हणत मिल्काबाईंनी वाटी शेजारच्या शशिकलाच्या नाकाखाली धरली.

शशिकला सकाळी साडेसातला कढीपत्ता मागायला आली होती, ती आयतीच परीक्षक झाली. तिनं वास घेतला, मग बोट बुडवून चाटलं. "दहीच आहे की, काकू. जरासं शेंगदाण्यासारखं लागतंय एवढंच."

"शेंगदाण्याचंच आहे. विरजण हिरव्या मिरचीच्या देठांचं. दुधाचा थेंब नाही त्यात."

"देठांनी दही लागतं?"

"लागतं. पहिल्या दोन वेळा कारल्याच्या तोंडात मारेल असं झालं होतं. तिसऱ्यांदा जमलं."

मिल्काबाई नागावकर पनवेलच्या एका शाळेत एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होत्या. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या आणि सायन्सच्या सरांनी चुकीची बाटली उचलली की हळूच हातातून काढून घ्यायची, हे त्यांचं काम. नोकरी सुटून दहा वर्षं झाली तरी चिठ्ठ्या सुटल्या नव्हत्या. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर ‘नाचणी, भाजलेली’, ‘सोयाबीन, दुधाचे’, ‘वाल, कडवे’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. चुकीचा डबा उचलणारं आता घरात कुणी नव्हतं, तरी.

"आज येतोय ना शेरॉन? किती वर्षांनी?" शशिकलानं विचारलं.

"सहा," मिल्काबाई म्हणाल्या. उत्तर इतक्या पटकन आलं की शशिकलानं पुढे काही विचारलं नाही. कढीपत्ता घेतला आणि ती गेली.

त्या सहा वर्षांचं मूळ चमचाभर तुपात होतं. हे कुणाला सांगितलं तर हसेल, म्हणून मिल्काबाईंनी सांगितलंच नाही.

घर बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं. दूध आणि मटण एकत्र येऊ द्यायचं नाही, हा पिढीजात नियम. मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, त्यांच्या फळ्या वेगळ्या, पुसायची फडकीसुद्धा वेगळी. भाजी आणि मासळी दोन्हीकडे पाहुणी म्हणून यायची. पण घराला मालक दोनच: मटण आणि दूध. मिल्काबाईंच्या डोक्यात जगातलं सगळं अन्न असं दोन फळ्यांवर मांडलेलं होतं. त्यामुळे इस्रायलहून सुट्टीवर आलेला एकुलता एक मुलगा जेव्हा म्हणाला, "मम्मी, मी व्हीगन झालोय, जनावरांचं काही खात नाही," तेव्हा त्यांनी साधा हिशोब केला. मटण गेलं, म्हणजे पोरगा दुधाच्या फळीवर आला. मटण असलं की दूध-तूप लांब ठेवायचं. आता कसला धाक? त्यांनी मोकळ्या हातानं तूप घातलं. बिरड्यात घातलं, घावनांना लावलं, खिचडीत तर मध्ये खळगा करून ओतलं. लपवलं नाही, फक्त विचारलंही नाही.

आठव्या दिवशी शेरॉन पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि त्यानं तुपाचा चमचा बघितला.

"आठ दिवस तू मला हे खायला घालतेस?"

"अरे, तूपच आहे. मटण कुठाय त्यात?"

त्याला हसू आलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण तो बावीस-तेवीसचा होता, आणि त्या वयात तत्त्वं नवीन बुटांसारखी चावतात. "तुला माझं काही कळतच नाही, मम्मी. कधीच कळलं नाही," असं म्हणून त्यानं बॅग भरली. ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी गेला. पुढचं वर्षभर तो वडिलांशी बोलला, आईशी नाही. नंतर बोलायला लागला, पण जेवणाचा विषय दोघांनीही वाळीत टाकला. "जेवलास?" "जेवलो." त्यापुढे कुणी जायचं नाही. दुखऱ्या दाताला जीभ लावू नये तसं.

‘तुला माझं काही कळतच नाही’ हे वाक्य मात्र मिल्काबाईंनी सोडलं नाही. मुलगा गेल्याच्या पंधराव्या दिवशी त्यांनी सुतार बोलावून स्वयंपाकघरात तिसरी फळी ठोकून घेतली. नवी कढई, नवा तवा, नवं पातेलं. तेवढ्यानं समाधान होईना. प्रयोगशाळेत एक पिपेट दोन बाटल्यांत घालत नाहीत. ज्या घरात तूप कढतं त्या घरात कुठे ना कुठे लागणारच. म्हणून त्यांनी पहिल्या दोन फळ्यांवरची भांडी पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. घरात जे शिजेल ते तिसऱ्या फळीवरच्या भांड्यांतच.

"आपण दोघांनीही सोडायचं?" नवऱ्यानं, आरोननं विचारलं होतं. बँकेतून निवृत्त झालेला, मासळीवर जीव असलेला माणूस.

"तो परत येईल तेव्हा माझा हात बसलेला हवा. चुकायला नको."

"चालेल," आरोन म्हणाले.

हात बसायला वेळ लागला. सुपरमार्केटात बदामाच्या दुधाचा डबा त्यांनी उचलला, किंमत वाचली आणि देवाला घाबरून ठेवावा तसा जागेवर ठेवला. पेन्शनवर बदाम पिणं होणार नव्हतं. मग शेंगदाणे आले, सोयाबीन आलं. नारळाच्या दुधाला तर शिकवणीच नको होती. मटणाच्या जेवणावर गोड करायचं तर त्यांच्या सात पिढ्या नारळाचंच दूध वापरत आल्या होत्या. भिजवलेल्या वालांचं बिरडं, कुळथाचं पिठलं, नाचणीचे खारे शंकरपाळे, चुरमुरे-फुटाण्यांचा लाडू, रताळ्याचे काप. सगळं बाजारात स्वस्तात मिळणारं, आणि अर्ध्या तासात होणारं. बेकरीवाल्याला त्यांनी पावात दूध पावडर आहे का हे इतक्या वेळा विचारलं, की तो त्यांना लांबून बघूनच "नाय टाकली, मावशी!" असं ओरडायचा. आरोन जे पानात पडेल ते खायचे आणि "उत्तम" म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. दफनाला थांबता येत नाही, आणि तेव्हा तिकडची विमानं बंद होती. शेरॉननं बापाची माती फोनवर बघितली.

आणि आता तो येणार होता. चार दिवस. पुढे मित्रांबरोबर केरळला.

अकराला टॅक्सी आली. दारात उभा राहिलेला माणूस रुंद झाला होता, दाढीत दोन-तीन पांढरे केस होते. तिशीसुद्धा नाही, आणि पांढरे केस. मिल्काबाईंनी त्याला जवळ घेतलं, तेव्हा तो वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. सहा वर्षं एका मिनिटात भरून निघतात असं त्यांना वाटलं, आणि ते त्या मिनिटापुरतं खरंही होतं.

"हात धू. पान वाढलंय."

टेबलावर बिरडं होतं, तांदळाचे घावन होते, शेंगदाण्याच्या दह्यातली काकडीची कोशिंबीर होती, नारळाच्या दुधातला चायना ग्रासचा हलवा होता. प्रवासात न्यायला शंकरपाळ्यांचा डबा भरून तयार होता. शेरॉननं सगळीकडे नजर फिरवली.

"मम्मी, तुझा उपास वगैरे आहे का आज?"

"नाही रे. सगळं तुझ्या पद्धतीचं आहे." हे वाक्य त्यांनी सहा वर्षं सांभाळून ठेवलं होतं. "दूध नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. दही शेंगदाण्याचं आहे. सगळी भांडी वेगळी, तुझी म्हणून. तेव्हा मला समजलं नव्हतं, शेरॉन. माझं चुकलं. आता समजतं."

शेरॉन हातातला घावन धरून बसून राहिला. खाईना, ठेवीना.

"मम्मी... मी ते सोडलं गं."

"काय?"

"व्हीगन वगैरे. खातो मी सगळं. तीन वर्षं झाली." तो घाईघाईनं पुढे बोलू लागला. "तब्येत जरा डाऊन झाली होती, मग डॉक्टर म्हणाले... आणि मग राहिलंच. पप्पांना सांगितलं होतं मी. तेव्हाच. मला वाटलं, ते तुला बोलले असतील."

मिल्काबाईंनी पाण्याचं तांब्याभांडं उगाच सरळ केलं. "हो का," त्या म्हणाल्या.

"पण छान झालंय, खरंच." त्यानं कोशिंबीर घेतली, हलवा घेतला, पाहुणे घेतात तसा दोन-दोन चमचे. तो वाईट मुलगा नव्हता. आईचा चेहरा त्याला दिसत होता आणि काय करावं ते सुचत नव्हतं. म्हणून त्यानं सुचेल ते केलं. "तुला सांगू? मला तिकडे सारखी तुझ्या रावसाची आठवण येते. तो आंबट-तिखट करायचीस ना, कोकम घालून."

"आणते," मिल्काबाई उठल्या.

"अगं आत्ता कुठे? उद्या आण."

"आजच आणते. तू जरा पड."

त्यांना घरात बसवत नव्हतं, हे खरं कारण. जिन्यावर त्यांना रडू आलं, आणि ते शेरॉनमुळे नव्हतं. मुलगा बदलला, मुलं बदलतात. पण आरोननं सांगितलं कसं नाही? एकच घर, एकच पलंग, आणि वर्षभर हा माणूस तोंड मिटून शेजारी जेवत होता. मी मूर्खासारखी देठांची विरजणं लावत होते, आणि हा बघत होता. रिक्षात बसल्यावर मेलेल्या नवऱ्याचा त्यांना असा राग आला, की उरण नाका येईपर्यंत तो पुरला.

मासळी बाजार गुरुवारमुळे ओस होता. अर्ध्या कोळणी आल्याच नव्हत्या, आल्या होत्या त्या माश्या वारत बसल्या होत्या. गव्हाणहून येणारी रंभा मात्र नेहमीच्या ओट्यावर होती. तीस वर्षं मिल्काबाईंनी तिच्याकडूनच मासळी घेतली होती. कोळंबी-खेकडे तिनं कधी त्यांच्यापुढे धरले नाहीत. खवल्याचा तेवढा मासा यांना चालतो, हे तिला पाठ होतं.

"अगो बाय! मिल्काबाय!" रंभा उठून उभी राहिली. "किती वर्सांनी गो! भाऊ गेल्याचं कललं मना. लय वाईट झालं."

"रावस दे, रंभा. एक चांगला. शेरॉन आलाय."

"पोरगा आला? बरा झाला." रंभानं रावस काढला, खवलं काढायला घेतलं. "भाऊ किती वाट बगत व्हते त्याची. दर बुधवारी सांगायचे."

"कुठे सांगायचे?"

"हितं. दुसरं कुटं?" रंभा काम करतच बोलत होती. "दर बुधवारी यायचे ना. तुला नाय म्हाईत? घ्यायचे काय नाय. रावस बगायचे, पापलेट बगायचे, भाव इचारायचे न् उबं रायचे. मी म्हनलं, भाऊ, दोन तुकडं तलून देते, हितंच खावा. तं म्हने, नको रंभा, तोंडाला वास येल, मिल्काला कलंल."

मिल्काबाईंनी पिशवी उघडून ओट्यावर ठेवली.

"मंग एकदा म्हनले, पोरगा परत खाया लागला. मी म्हनलं, मंग आता काय हाय? सांगा बायकोला, न् न्या रावस." रंभानं सुरी थांबवली. "तं म्हने, नको. पोराच्या नावानं ती रोज कायतरी नवा करते. सांगितलं तं उद्यापासून कोनासाटी रांदंल?"

मिल्काबाईंना शेवटचा महिना आठवला. आरोनच्या तोंडाची चव गेली होती. "एकदा तुझा रावस खायला हवा होता," असं ते एकदाच म्हणाले होते, फार हळू. मिल्काबाईंनी घरात मासळी आणली नाही. कच्च्या केळ्याचे जाड काप कापले, मीठ-कोकम चोळलं, तोच मसाला केला आणि मोठ्या उत्साहानं ताट पुढे धरलं. आरोननं दोन काप खाल्ले. "अगदी रावसच गं," ते म्हणाले, "कुणाला ओळखू येणार नाही." मिल्काबाईंना त्या दिवशी इतका आनंद झाला होता, की त्यांनी शशिकलालाही वाटीभर नेऊन दिलं होतं.

"तुकडं करू? डोका ठेवू?" रंभा विचारत होती.

"ठेव." मग जराशानं, "कुठे उभे राहायचे ते?"

रंभानं सुरीनंच दाखवलं. "त्या खांबाशी. वाटंत कुनाला आडवं नको म्हून."

मिल्काबाईंनी पिशवी घेतली, पदर सावरला आणि त्या खांबाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथून रंभाचा ओटा नीट दिसत होता. बर्फावरचे रावस दिसत होते, आणि हात पुढे केला तरी पोचणार नाही इतके ते लांब होते.

पिशवीतला फोन वाजला. "मम्मी, कुठे आहेस? किती वेळ लागेल?"

बाजारात दुसरं एकही गिऱ्हाईक नव्हतं. रंभा सुरी धुवत होती.

"रांग आहे रे मोठी," मिल्काबाई म्हणाल्या. "उभी आहे मी. येते."