उंटाचा घसा

त्या ट्रकला सगळे उंट म्हणत. कारखान्यातून आला तेव्हा तो चारचौघांसारखाच ट्रक होता. त्याचा उंट केला तो दादाने.

दादाचा धंदा घरसामान हलवायचा. आडवं पाडलेलं कपाट त्याला बघवायचं नाही. "कपाट म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस," तो म्हणायचा. "आडवं नेणं आयुष्यात एकदाच. त्याची घाई कशाला?" म्हणून त्याने हौद्याच्या मागच्या अर्ध्यावर पत्र्याचा उंच टप चढवला, कपाट उभंच्या उभं आत जावं असा. ते झालं उंटाचं कुबड. पुढे मूळचं इंजिन दमलं तेव्हा एका जुन्या बसचं इंजिन घातलं. राहता राहिली धुराची नळी. ती मागे सोडलेली, त्यामुळे फाळका उघडून सामान चढवताना धूर थेट गाद्यांत शिरायचा. एक बाई दुसऱ्या दिवशी तणतणत आल्या, "रात्रभर ट्रकखाली झोपल्यासारखं वाटलं हो!" दादाने त्याच संध्याकाळी नळी कापली, वळवली आणि केबिनच्या मागून डाव्या अंगाने थेट टपाच्याही वर नेली. ती झाली उंटाची मान. सगळे फेरफार सरकारदरबारी रीतसर नोंदवून घेतले. तिथे कुणी बोट ठेवावं अशी जागा त्याने सोडली नव्हती.

मग दादा गेला, आणि उंट धाकट्याकडे आला.

धाकटा म्हणजे दादाचा भाऊ. साठी उलटली, दाढी पांढरी झाली, तरी सगळ्या गल्लीला तो धाकटाच. थोरला नसताना आपण कुणाचे धाकटे, हा प्रश्न त्याला अधूनमधून पडायचा. प्रश्न पडला की तो फडकं घेऊन उंट पुसायला लागायचा. त्याने उंटाला तळहाताच्या फोडासारखं जपलं. जड सामान घ्यायचं नाही, चढाचा रस्ता धरायचा नाही, पेडल निम्म्याच्या खाली दाबायचं नाही. मागून हॉर्न वाजायचे, लोक शिव्या घालून पुढे जायचे. धाकटा म्हणायचा, "जा बाबांनो, मला कुठे उशीर होतोय?"

आणि आता धुराच्या तपासणीला कॉम्प्युटर आला होता. पूर्वी एक साहेब खुर्चीवर बसून नळीकडे बघायचे, नाक मुरडायचे आणि "जा" म्हणायचे. आता जुन्या गाडीला एका दिवसात दोनच संधी. पहिल्यांदा नापास, तर संध्याकाळच्या आत पुन्हा यायचं. दुसऱ्यांदाही नापास, तर गाडी थेट भंगारात. त्यावर अपील नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी वहिनी दारात तयार उभी. काखेत जुनी उशी. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा धाकटा शाळेत होता. तिने त्याला आईसारखं वाढवलं, त्यामुळे दोघांत अहो-जाहो कधी आलंच नाही.

"तू कुठे निघालीस, वहिनी?"

"माझ्या नवऱ्याचा उंट आहे. परीक्षेला एकटा पाठवू?"

केबिनमध्ये डावीकडची जागा तिची. तिथल्या गादीची स्प्रिंग टोचते म्हणून ही उशी. दादा होता तेव्हा उशी कायम गाडीतच असायची. तो गेल्यावर वहिनीने ती घरी नेली ती नेलीच.

धाकट्याने उंट अगदी अलगद नेला. केंद्राबाहेर रांग होती, तर त्याने इंजिनच बंद केलं. परीक्षेआधी जरा विसावा नको का? मागच्या टेम्पोवाल्याने मान बाहेर काढली. "आजोबा, हा ट्रक आहे की वीटभट्टी? धुराडं कुठल्या कुठे गेलंय!"

"खालून धूर सोडणारे तुझ्यासारखे पुष्कळ आहेत," वहिनी खिडकीतून म्हणाली. टेम्पोवाल्याने मान आत घेतली.

आत मशीनवर एक बाई होत्या. चष्म्याला दोरी, बोटांना वंगण. त्यांनी गाडीचा नंबर टाकला आणि त्या थबकल्या. "नळी कुठे आहे ते हा विचारतोय. मागे, डावीकडे, उजवीकडे. वर असं काही याच्याकडे नाहीच."

"वर काय असतं ते त्याला अजून कळायचंय," वहिनी म्हणाली.

बाई हसल्या. त्यांनी आतल्या साहेबांना विचारलं. साहेब बाहेर आले, उंटाकडे मान वर करून पाहत राहिले आणि म्हणाले, "डाव्या अंगाला आहे ना? मग डावीकडे लिहा." शिडी आली. बाई स्वतः वर चढल्या, मशीनची तार नळीत अडकवून उतरल्या आणि धाकट्याला म्हणाल्या, "मी हात खाली केला की पेडल एकदम तळाला लावायचं. एकदम."

धाकट्याने इंजिन चालू केलं. बाईंचा हात खाली आला. त्याने पेडल हळूहळू दाबलं. मशीन किंचाळलं.

"आजोबा, पायाखाली अंडं ठेवलंय का? हा घेत नाहीये. पुन्हा."

पुन्हा तेच झालं. मग वहिनीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने डोळे मिटून पेडल तळापर्यंत दाबलं. उंट गरजला. छपराला काळा गोळा जाऊन आपटला, तिथली कबुतरं उडाली. पडद्यावर लाल पट्टा आला.

नापास.

धाकट्याचे हात स्टिअरिंगवरच राहिले. बाई खिडकीशी आल्या. "इंजिन वाईट नाही हो. आवाज ठणठणीत आहे. नळीत काजळी बसलीय, त्यात गाडी गार. शेवटची चढावर दामटली कधी?"

"दामटली?" धाकट्याला त्याही स्थितीत जरा अभिमान वाटला. "छे! दादा गेल्यापासून एकदासुद्धा नाही. फुलासारखी चालवतो."

बाईंनी चष्मा काढून दोरीवर सोडला. "तिथेच चुकलं. चांगली तापवून, झटकून आणा. मी संध्याकाळपर्यंत आहे. पण तेव्हा लाल आलं, तर मग माझ्या हातात काही नाही."

बाहेर रस्त्याला लागल्यावर वहिनी म्हणाली, "खाणीच्या रस्त्याला घे."

"तो चढ? वहिनी, इंजिन फुटेल."

"फुटलं तर भंगारात. नापास झाला तरी भंगारात. तिसरी वाट दिसत असेल तर सांग."

"उंटावर बसून शहाणपण सांगणं सोपं असतं."

"मग? उंटावर बसायला मिळालंय तर सांगून घेते. वळ."

तो वळला. खाणीचा रस्ता पूर्वीसारखाच होता, दोन्ही बाजूंना पांढरी धूळ आणि समोर सरळ उभा चढ. दर सुट्टीच्या दिवशी दादा रिकामा ट्रक घेऊन इथे यायचा. मध्ये धाकटा, खिडकीशी वहिनी. चढाच्या पायथ्याशी दादा बाह्या सरसावायचा, म्हणायचा, "चला, उंटाचा घसा साफ करू!" आणि पेडल तळाला. केबिन थरथरायची, वहिनी ओरडायची, धाकटा खिदळायचा, आणि दादा घशातून उंटासारखा आवाज काढायचा, म्हणजे उंट असाच ओरडतो असं त्याचं म्हणणं. तिघांपैकी कुणी उंट पाहिलेला नव्हता.

ती दादाची मौज, असंच धाकटा समजत आला होता. माणूस गेला, त्याची मौजही त्याच्याबरोबर गेली. सुतकात कोण मौज करतं? आणि धाकट्याचं सुतक फिटलंच नव्हतं.

"वहिनी, हे गाडीचं औषध होतं, हे दादाला माहीत होतं का गं?"

"कुणास ठाऊक. मला तर कधी बोलला नाही. औषध म्हटलं असतं तर मी आले असते का?" तिने उशी सारखी केली. "दाब आता."

धाकट्याने बाह्या सरसावल्या. तिसऱ्या गिअरमध्ये पाय तळाला नेला. क्षणभर उंट विश्वास न बसल्यासारखा अडखळला, मग असा हंबरला की खिडकीच्या काचा वाजू लागल्या. आरशात मागचा रस्ता दिसेना, नुसता काळा लोट. निम्म्या चढावर लोट करडा झाला. केबिन तशीच थरथरत होती, जुन्या दिवसांसारखी, आणि मधली जागा रिकामी होती. धाकटा आता मध्ये नव्हता, दादाच्या जागी होता. माथ्याशी पोचताना वहिनीने घशातून आवाज काढला. तोच, उंटाचा. धाकट्याच्या डोळ्यांपुढे रस्ता पुसट झाला, पण पाय उचलला नाही.

माथ्यावर दादा थांबायचा तिथेच तो थांबला. नळीतून आता नुसती ऊन हवा हलत होती. खाली चढावर काळा ढग अजून लोंबकळत होता, वारा त्याला हळूहळू खाणीकडे नेत होता.

"वहिनी, त्या काजळीत दादाच्या वेळचीही असेल गं. अगदी तळाची. ती पण गेली."

वहिनी ढगाकडे बघत होती. "त्याने कधी साठवून ठेवली नाही रे. दर आठवड्याला उडवून मोकळा व्हायचा. साठवलीस ती तू."

धाकट्याला ते पटलं, आणि पटलं म्हणून थोडं हलकंही वाटलं.

परतताना त्याने पाय आखडता घेतला नाही. रांगेत इंजिन बंद केलं नाही. बाई पुन्हा शिडीवर चढल्या, उतरल्या, हात खाली आला. धाकट्याने पेडल तळाला लावलं, डोळे उघडे ठेवून. उंट गरजला. छपराखाली काही दिसलं नाही. बाईंनी पुन्हा करायला लावलं, मग पुन्हा. कॉम्प्युटर विचारात पडल्यासारखा थांबला. वहिनीने पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

पट्टा हिरवा झाला.

"नेलीत कुठे?" बाईंनी काचेवर चिठ्ठी चिकटवत विचारलं.

"घसा साफ करायला," धाकटा म्हणाला. बाईंना ते समजलं नसावं, पण त्या हसल्या.

घरापुढे वहिनी उतरली, पाय मोकळे करत फाटकाशी गेली. धाकट्याने हाक मारली, "अगं वहिनी, तुझी उशी राहिली!"

तिने मागे वळून पाहिलं नाही. "राहू दे तिथेच," ती म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी लागेलच."