लेकरू गुरांचं

माझी भाची न्थाबेलेंग चार वर्षं माफेतेंगच्या कोर्टाचे उंबरे झिजवत होती. नवरा त्सेको सरहद्दीपलीकडे, रुस्टेनबर्गच्या खाणीत. तिकडे गेला नि पोटच्या पोरीला, रेलेबोहिलेला, पार विसरला. आमच्या कोर्टाने पोटगीचा हुकूम कधीच दिला होता. पण पलीकडे तो चालायचा तर तिथल्या न्यायाधीशानेही होकार द्यावा लागतो, आणि तो मेला देतच नव्हता. अखेर या हिवाळ्यात निरोप आला. पोटगी आता थेट त्सेकोच्या पगारातून कापणार.

"मावशी, रेलेबोहिलेला आधी बूट घेते," न्थाबेलेंग म्हणाली. किती दिवसांनी हसली पोरगी!

पुढच्याच रविवारी त्सेकोचा थोरला भाऊ मोत्लात्सी सहा गुरं हाकत आमची टेकडी चढून आला. लग्नात मुलीच्या बापाला द्यायची गुरं त्यांनी अर्धीच दिली होती. आता उरलेली आणली म्हणे.

"भावोजी, हात लावू नका!" मी ओरडले. "नऊ वर्षं घोरत पडलेले हे लोक, आजच बरे जागे झाले?"

"गोठ्याच्या गोष्टीत बायकांनी तोंड घालू नये," भावोजी म्हणाले. न्थाबेलेंगचे वडील ते. त्यांनी प्रत्येक गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि पाहुण्यांसाठी मेंढी कापली.

जेवण झाल्यावर मोत्लात्सीने हात पुसले. "गुरं पुरी दिली, आता पोर आमच्या घरची. लेकरू गुरांचं, म्हणतातच ना. आमची आई आंधळी झालीय, पाणी आणायला कुणीतरी हवंच. आणि पोर आमच्या घरी म्हटल्यावर पोटगी कसली?"

भावोजींच्या हातातलं हाड हातातच राहिलं. "एवढ्यात नेता?"

"बाबा, गुरं परत करा," न्थाबेलेंग त्यांच्या पायाशी बसली. "अजून वेळ आहे. करा ना."

"मटण खाल्लंय मी त्यांच्यासोबत, पोरी. आता कुठल्या तोंडाने फिरवू?"

असा राग आला मला त्या माणसाचा! पण आमच्यात सोबत मटण खाल्लं की व्यवहार पक्का झाला. रेलेबोहिले माझ्या ब्लँकेटात गुंडाळून, अनवाणी गेली.

त्या गुरांतल्या एका गाईचं वासरू मागे मोत्लात्सीच्या गोठ्यातच राहिलं होतं. ती सारखी हंबरत होती. "दोन दिवस हंबरेल, मग विसरेल," भावोजी म्हणाले.

न्थाबेलेंग उठली. आमच्यात बाई गोठ्यात पाऊल टाकत नाही. ती सरळ आत शिरली आणि तिने गाय सोडून दिली. पोर गेली त्याच वाटेने गाय धावत सुटली.

दुसऱ्या दिवशी मोत्लात्सीने गाय वासरासकट आणून बांधली. पोर नाही आणली.