साहेबांच्या पोटातलं कुंकू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अक्षदाच्या फ्लेक्सच्या दुकानात साहेबांनी फोटो ओळखायचं बंद केलं.

साहेब म्हणजे दुकानातला कॉम्प्युटर. वरळीतल्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून तो भंगारात आला तेव्हा त्याच्या कपाळावर 'मॅनेजर' असं स्टिकर होतं. ते काढायची कुणाची हिंमत झाली नाही. सडपातळ, काळा, कमी बोलणारा. दहा वर्षं लालबागला राहूनही त्याने कुणाशी सलगी केली नव्हती.

"आजच का, साहेब?" अक्षदा म्हणाली. "आज शामरावांची पंचाहत्तरी आहे."

शामराव चाळ कमिटीचे अध्यक्ष. संध्याकाळी केक, आणि केक पोटात गेला की मीटिंग. विषय एकच: तळमजल्यावरची ही खोली अक्षदाच्या दुकानाकडे ठेवायची की नीलच्या जिमला द्यायची. नील म्हणजे चाळीचं युवा नेतृत्व. त्याचे दंड इतके वाढले होते की जिना तो खेकड्यासारखा चढायचा. त्यात वाढदिवसाचा बॅनर वेळेवर लागला नसता, तर निकाल सांगायला कमिटीची गरजच नव्हती.

अक्षदाने बीडीडी चाळीतून सम्यकला बोलावलं. हा तिचा कॉलेजचा मित्र, एका कंपनीत आयटीला होता. तिथे तो दिवसभर लोकांना 'बंद करून चालू करा' असं सांगायचा.

"फोटोंची डिस्क दिसत नाही ना? वायर गेली असणार," तो झाकण काढत म्हणाला. खात्री करायला त्याने खणातली एक जुनी डिस्क काढली, अक्षदाच्या वडिलांच्या काळातली, आणि तीच वायर लावून ती दुसऱ्या खाचेत जोडली. आत जागा नव्हती, म्हणून डिस्क बाहेर पाटावर ठेवली. सलाईन लावलेल्या पेशंटसारखी ती घरघरू लागली.

"चहा देऊ का तिला?" अक्षदाच्या आईने, मालनने, विचारलं.

"दिसली! म्हणजे वायर ठीक आहे." सम्यकने पहिल्या खाचेत टॉर्च मारला आणि मागे सरकला. "अक्षदा, साहेबांना आतून रक्त येतंय."

मालन वाकली. "रक्त कसलं रे मेल्या! कुंकू आहे. काल पूजा नाही का केली?"

"काकू, पूजा बाहेरून करतात!"

"बाहेर नुसता पत्रा. गेल्या वर्षी तूच उघडून दाखवलंस ना, हा मेंदू, हे पोट? मी पोटाला लावलं."

"आणि हळद?"

"हळद आधी. अडाणी समजलास का मला?"

टूथब्रशने खाच साफ झाली. ब्रश कुणाचा होता, हा विषय अजून कमिटीसमोर आलेला नाही. फोटोंची डिस्क परत जोडली, दोन्ही डिस्क दिसल्या, सम्यक आणि अक्षदा पाटाभोवती फुगडी घालून मोकळे झाले आणि बॅनर प्रिंटला गेला.

या गडबडीत एक गोष्ट राहिली. फोटोंच्या डिस्कची नेहमीची जागा 'डी'. आज पाटावरची पाहुणी आधी येऊन तिथे बसली होती. मूळ मालकीण परतली, तर जागा भरलेली; बिचारी भिडेखातर 'ई'वर टेकली. आणि साहेबांना माणसं ओळखू येत नव्हती, फक्त जागा कळायची. बॅनरवरच्या प्रत्येक नावाचा फोटो त्यांनी 'डी'मधूनच उचलला. नावं तीच होती. अक्षदाच्या वडिलांनीही चाळीतल्या जुन्या फोटोंना माणसांचीच नावं दिली होती. स्क्रीनवर काही कळायला मार्ग नव्हता. फोटो दाखवले की साहेब दमायचे, म्हणून तिथे नुसते करडे चौकोन असायचे. फ्लेक्सही गुंडाळलेलाच बाहेर पडला आणि थेट बांबूवर गेला.

संध्याकाळी नाक्यावर दोरी सुटली. बॅनर उलगडला. ढोलवाला थांबला.

मधोमध शामराव. काळेभोर केस, झुपकेदार मिशी. भोवती सगळे शुभेच्छुक वीस वर्षांनी तरुण. आणि उजवीकडे, 'युवा नेतृत्व मा. नीलभाऊ' या अक्षरांखाली, गालावर तीट लावलेलं एक वर्षाचं बाळ, टबात, वस्त्राविना.

"ही बदनामी आहे!" नील ओरडला.

"नीलभाऊ," गर्दीतून आवाज आला, "टब कुठल्या जिमचा?"

अक्षदाने डोळे मिटून घेतले. दुकान गेलं. शामराव बॅनरजवळ गेले, स्वतःच्या टकलावरून हात फिरवला आणि कुजबुजले, "हे केस... कुठे होते गं?"

"डीमध्ये, काका," सम्यक म्हणाला.

"अजून आहेत?"

"सगळे."

मीटिंगमध्ये नील जिमबद्दल बोलायला तीनदा उठला. तिन्ही वेळा मालन कळवळून म्हणाली, "अगं बाई, थंडी वाजेल त्याला." तो बसला. शामरावांनी मग घसा साफ केला. ज्या खोलीत अध्यक्षांचे केस आहेत, ती खोली कमिटी कुणालाही देऊ शकत नाही, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात बाकीच्या शुभेच्छुकांच्या.

अक्षदा आणि सम्यक धावत दुकानात आले, तर मालन आधीच पोचली होती. साहेबांचं झाकण अजून उघडंच होतं आणि तिच्या हातात कुंकवाचा करंडा होता.

"नुसतं पाटावरच्या पाहुणीला लावते," ती म्हणाली. "पहिल्यांदाच आलीय."