बर्नार्डचा दोर

"काचेत घालू नकोस त्याला. हातात दे. बर्नार्डच्या हातात. आणि निघताना गावभर सांगत सुटू नकोस."

इवालानीचा नवरा मानुएल गेला त्याला वर्ष होत आलं, पण तिच्या कानात हे बोल अजून तसेच होते, त्याच्या दम लागलेल्या, खरखरीत आवाजातले. दर रविवारी चर्चमधून आलं की ती मागच्या ओसरीवर बसे, मांडीवर जुनं फडकं अंथरी आणि त्या कातडी दोराला चरबी चोळी. कच्च्या कातड्याच्या पट्ट्या काढून वेणीसारखा घट्ट विणलेला दोर. धावत्या बैलाच्या शिंगांवर फास टाकायचा तो हाच. आठवडा चुकला की कोरडा पडतो, मग कडक होतो, मग मरतो, असं मानुएल म्हणायचा. 'मरतो' असंच म्हणायचा. जन्मभर त्याने हा नेम पाळला. आता तो तिच्याकडे आला होता, आणि सकाळच्या जपमाळेइतक्याच निष्ठेने ती तो पाळत होती.

आज मात्र हात चालत होते आणि जीव थाऱ्यावर नव्हता. आत तिची मुलगी शार्लीन फोनवर मोठमोठ्याने बोलत होती.

"हो, हो, शनिवारीच. जुन्या दगडी घरापासून सुरू करू ना? आणि गाडीतून कुरणाची फेरी? वा! आम्ही बरेच जण आहोत. बाबांचा दोर आणतोय आम्ही. तुमच्या भिंतीवर शोभून दिसेल."

इवालानीची बोटं दोराच्या पिळावरच थांबली.

शार्लीन समुद्रापार, लास वेगासला राहायची. बापाच्या वर्षाच्या प्रार्थनेसाठी आली होती, आणि आल्या दिवसापासून तिने घरात लग्नघाई उडवली होती. मानुएल तरुणपणी बेटाच्या दुसऱ्या अंगाला, वायमेआकडच्या ज्या रँचवर गुरं हाकायचा, ते आता पाहुण्यांसाठी उघडलं होतं. गुरं होती, घोडे होते, गुरांना मालकीची खूण डागायचं काम चालायचं. पण शनिवारी लोकांना फिरवूनही आणायचे. शार्लीनने सगळ्या नात्यागोत्याला गोळा केलं. एकसारखे शर्टसुद्धा शिवून आणले, पाठीवर मोठ्या अक्षरांत फ्रेइतास.

"आई, ठरलं!" ती ओसरीवर आली. "तिथले लोक दोर काचेच्या पेटीत लावणार. खाली बाबांचं नाव."

"हं," इवालानी म्हणाली.

शाळेच्या स्वयंपाकघरात तिने आयुष्य काढलं होतं. 'आंटी, अजून भात' म्हणणाऱ्या एकाही पोराला ती कधी नाही म्हणाली नव्हती. नाही हा शब्द तिच्या जिभेवर रुळलाच नव्हता.

"हं काय? आनंद नाही झाला?"

"झाला की. पण इतकं बोलू नये गं, जायच्या आधी."

"म्हणजे?"

"म्हणजे तुला ठाऊक आहे."

शार्लीनने कपाळाला हात लावला. "आई, आपण मासे धरायला नाही चाललोय!"

इवालानी मांडीवरच्या फडक्याने दोर पुसायला लागली. तिचा बाप मासे धरायला निघाला की जाळं खांद्यावर असतानाही म्हणायचा, होलोहोलो. म्हणजे असंच, जरा फिरून येतो. कुठे ते सांगायचं नाही, कुणी विचारायचंही नाही. मासे ऐकतात. आणि मासेच कशाला, ज्या कामात जीव अडकलेला असतो ते प्रत्येक काम कान देऊन बसलेलं असतं. बोललं की ते निसटतं.

शार्लीन मात्र भेटेल त्याला सांगत सुटली होती. त्या सकाळी तर प्रार्थना संपल्यावर फादरनीच चष्मा सावरत सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं, "येत्या शनिवारी फ्रेइतास कुटुंब रँचला भेट द्यायला जात आहे. कुणाला गाडीत जागा हवी असल्यास शार्लीनशी बोलावं." भर सभेत अंगावरचं पांघरूण ओढावं तसं इवालानीला झालं. मागच्या बाकावरची म्हातारी आंटी रोझलिन पुढे वाकून कुजबुजली होती, "गेला गं तुझा शनिवार. आता समुद्रातल्या माशांनीसुद्धा ऐकलं."

कुंपणापलीकडून तोशिओ यामानेचं डोकं वर आलं. शेजारी, मानुएलचा जुना दोस्त, बायको गेल्यापासून एकटाच.

"काय इवा, ऐकलं ते खरं का, की तुम्ही सगळे..."

"तोशिओ!"

"बरं बाई. नाही ऐकलं. कान धुवायला टाकलेत." तो हसला, पण लगेच गंभीर झाला. कुंपणाला टेकून हळू आवाजात म्हणाला, "एक सांगू का? रँचवरचा तो बर्नार्ड अकाउ बेट सोडून चाललाय. माझा चुलतभाऊ सांगत होता. पुढच्या रविवारचं विमान. गुडघे गेले त्याचे. मुलगी कायमचा घेऊन चाललीये वेगासला."

इवालानीच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"नक्की?"

"घोडासुद्धा दिला म्हणे दुसऱ्याला. घोडा दिला म्हणजे नक्कीच."

तेव्हापासून तिला चैन नव्हतं. ती भांडी घासायची आणि घासलेलीच पुन्हा घासायची. जपमाळ हातात घ्यायची आणि मणी कुठवर आला ते विसरायची. मग देवाची क्षमा मागून पहिल्यापासून सुरू करायची. शनिवार. एवढा शनिवार नीट पार पडू दे. पेटीचं काय ते तिथे गेल्यावर पाहू. बर्नार्ड तिथेच कुठेतरी असेल. गर्दीतून बाजूला होऊन त्याच्या हातात दोर ठेवायला कितीसा वेळ लागतो?

बुधवारी पाऊस लागला. हिलोत पावसाचं कुणाला काय कौतुक, पण हा वेगळाच होता, डोंगरावरून दगड घेऊन येणारा. गुरुवारी फोन वाजला. शार्लीनचा आवाज आधी चढला, मग उतरला.

"रद्द," ती बाहेर येऊन म्हणाली. "कुरणातली वाट वाहून गेलीये. पाहुण्यांना महिनाभर बंद. आता पुढच्या महिन्यात बघू म्हणतात." ती खुर्चीत बसली. "मी तर सोमवारी जाणार. आता एवढे शर्ट काय करू मी?"

इवालानी उभीच होती. तिचे ओठ हलत होते.

"आई, रडतेस की काय? अगं, दोर पोस्टाने पाठवू. रँचवरच्या बाई म्हणाल्या, आला की लगेच लावतो."

"तो तुझ्या बाबांचा नाही."

"काय नाही?"

"दोर. बर्नार्डचा आहे तो." एकदा बोलायला लागल्यावर इवालानीला थांबता येईना. "त्याच्या वडिलांनी विणलेला. पाय मोडला त्या दिवशी तुझ्या बाबांचा तुटला होता, म्हणून बर्नार्डने आपला दिला, म्हणाला, संध्याकाळी दे. दुपारी घोडा पडला आणि यांचा पाय खाली आला. इस्पितळातून परत गेले तेव्हा मालकांनी चांगुलपणाने स्वयंपाकघरात काम देऊ केलं. ज्यांच्याबरोबर घोडा पळवला त्यांच्या ताटात आमटी वाढायची? ते सोसवलं नाही त्यांना. पहाटे कुणाचा निरोप न घेता मला घेऊन निघाले. दोर सामानात तसाच आला."

"मग इतकी वर्षं परत का नाही दिला?"

"लंगडत जायचं होतं ना तिथे."

शार्लीनने खुंटीवरच्या दोराकडे पाहिलं. तिच्या लहानपणी बाबा घोड्यांची गोष्ट सांगता सांगता उठून बाहेर जायचे, ते तिला आठवलं असावं. मग तिचा चेहरा उजळला.

"मग सोपं आहे की! तो बर्नार्ड वेगासलाच येतोय ना? मी नेऊन देते. माझ्या घरापासून किती लांब असणार?"

"तिथे?"

"तिथेच. नाहीतर पेटीखाली पाटी बदलू. 'बर्नार्ड अकाउ यांचा दोर' असं लिहायला लावू. त्यालाही मान, बाबांचंही..."

"तिथे गुरं आहेत का?"

"वेगासला? हॉटेलांच्या भिंतीवर आहेत. चित्रातली."

इवालानीला हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले. "अगं बाई, मागून आणलेली वस्तू जिथून आणली तिथेच द्यायची असते. त्या मातीत. मग तो घेऊन जावो, नाहीतर तिथल्या कुणाला देवो. त्याचा आहे, तो ठरवील. आपण कोण पाट्या लावणारे?"

"रस्त्याचे हाल बघ ना बाहेर. तू बाजारापलीकडे कधी गाडी नेली आहेस? आई, माणूस गेला की सगळं माफ होतं. तो बर्नार्ड विसरलासुद्धा असेल."

"विसरला असेल," इवालानी म्हणाली. "मी नाही ना विसरले."

शार्लीनने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रकरण संपलं असं समजून ती फोनवर एकेकाला कळवायला लागली. रद्द, हो, रद्द. आणि काय गंमत, जसजशी ती 'जाणार नाही, जाणार नाही' म्हणून गावाला सांगत होती, तसतशी इवालानीच्या छातीवरची धोंड सरकत होती. आता कुणाला काही ठाऊक नव्हतं. ते काम आता कुणाच्याच तोंडी नव्हतं.

शुक्रवारी तिने गोड पाव भाजले. पोर्तुगीज सासूने शिकवलेले, वरून तांबूस, आत कापसासारखे. शार्लीनने वासानेच येऊन एक उचलला.

"कुणासाठी एवढे?"

"असेच."

"असेच म्हणजे?"

"खा ना गं. गरम आहे तोवर खा."

शनिवारी उजाडलं तेव्हा पाऊस भुरभुरीवर आला होता. शार्लीन आदल्या रात्री मावसभावंडांबरोबर जागली होती. ती गाढ झोपेत होती. इवालानीने आंघोळ केली, जपमाळ पुरी केली, आज एकही मणी न चुकता. दोन पाव तिने अंगणातल्या 'टी' नावाच्या झुडपाच्या रुंद हिरव्या पानांत बांधले. कुणाच्या दारी रिकाम्या हातांनी जाऊ नये. दोर खुंटीवरून काढून त्याची वेटोळी सारखी केली. मुलीच्या उशाशी काही लिहून ठेवावं असं एकदा मनात आलं, पण काय लिहिणार? पांघरूण तेवढं तिच्या पायांवर सरकवलं आणि ती बाहेर पडली.

मानुएलचा ट्रक शेडमध्ये उभा होता. आत चढल्यावर पाय पेडलांपर्यंत पोचेनात. सीट मागे होती, तो पाय लांब करून बसायचा त्या बेताने. वर्षभरात ती कुणी हलवली नव्हती. तिने खाली हात घालून खटका शोधला. थोडा वेळ तशीच बसली, खटका धरून. मग ओढला. सीट करकरत पुढे आली.

किनाऱ्याच्या रस्त्याने जायचं. पूल येतील, वळणं येतील, हळूहळू जायचं. मागचे भोंगे वाजवतील, वाजवू देत. बर्नार्डचं घर रस्त्यालाच आहे, कामगारांच्या वस्तीतलं कडेचं, एवढं तोशिओच्या बोलण्यातून तिच्या ध्यानात राहिलं होतं. त्याला काय म्हणायचं, याचा तिने फार विचार केला नव्हता. दोन्ही हातांवर दोर धरायचा. पुढचं त्याला कळेल. न कळलं तरी त्याची वस्तू त्याच्या हातात जाईल.

ट्रक सुरू झाला तो आधी खोकला, मग गुरगुरला. ती मागे बघत बघत फाटकाशी आली आणि तिथेच थबकली. कुंपणापाशी तोशिओ उभा होता. पायात गमबूट, डोक्यावर चटईची टोपी. त्याने ट्रककडे पाहिलं. स्टिअरिंगमागे बसलेल्या इवालानीकडे पाहिलं. शेजारच्या सीटवरचा दोर पाहिला, पानांतली पुडकी पाहिली. त्याच्या ओठांवर 'कुठे'मधला 'क' आला.



तोशिओने तोंड मिटलं. टोपी जरा पुढे ओढली. मग पाठ फिरवली, खाली पडलेली झारी उचलली आणि त्या पावसातच, ओल्याचिंब झाडांना सावकाश पाणी घालायला लागला. ट्रकचा आवाज वळणापलीकडे गेला तरी त्याने मान वर केली नाही.