तेवीस दिवस आमचे

गल्लीत तिला सगळे फुटपट्टी म्हणायचे आणि तिला ते ठाऊक होतं. तिला त्याचा राग यायचा नाही. बाइंडिंगच्या धंद्यात सूतभर फरक पडला तरी पुस्तकाचं तोंड वाकडं होतं. तेव्हा फुटपट्टी म्हणवून घेण्यात लाज कसली, तिला तर त्याची थोडी मिजासच होती.

त्या शुक्रवारी सकाळी दुकानाला कुलूप लावून ती सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, घेऊन जुन्या बँकेकडे निघाली. भांडायलाच निघाली होती, पण नुसतं भांडून परत यायचा तिचा इरादा नव्हता. काखेत वीतभर जाडीचा, निळ्या कापडी पाठीचा एक ठोकळा होता. त्या ठोकळ्यावर तिचा इतका भरवसा होता की वाटेत तिने आप्पांना सांगूनही टाकलं, "बारा वाजता आपण बाहेर. बघालच तुम्ही."

"सव्वाबारा धर," आप्पा म्हणाले. "मला जिने चढायला वेळ लागतो."

प्रकरण असं होतं. दुकानाचं चालू खातं जुन्या बँकेत बावीस वर्षं होतं, तिच्या आणि आप्पांच्या जोडनावाने. बँकेने एका वर्षात तीनदा शुल्क वाढवलं, तेव्हा हिने गेल्या महिन्याच्या दोन तारखेला रस्त्यापलीकडच्या नव्या बँकेत खातं उघडलं. नव्या बँकेतली पोरगी गोड बोलली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही काही करायचं नाही. दहा दिवसांत सगळं आपोआप इकडे येईल. जुनी बँक एक फॉर्म पाठवेल, त्यावर दोघांच्या सह्या करून परत द्या, झालं."

आपोआप जे व्हायचं ते अर्धंच झालं. गिऱ्हाइकांचे पैसे नव्या खात्यात यायला लागले, पण दुकानाचं भाडं आणि मशीनचा हप्ता जुन्याच खात्यातून जात राहिला. येणं एका दाराने आणि जाणं दुसऱ्याने म्हटल्यावर जुन्या खात्यात खडखडाट व्हायला कितीसा वेळ लागणार? दहा तारखेला भाडं गेलं आणि खातं वजा झालं. त्या दिवसापासून बँकेने रोजचे दोनशे दंड लावला. ही पैसे भरायला गेली, तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, "खातं बदलीत आहे, जमा बंद आहे." म्हणजे खड्डा पडलाय म्हणून दंड घेणार आणि खड्डा बुजवूही देणार नाही. याला काय म्हणावं?

एकोणीसला कटिंग मशीनचा हप्ता परत गेला. बावीसला कंपनीने पुन्हा लावला, तोही परत गेला. दर वेळी आठशेचा भुर्दंड. आणि आता येत्या सोमवारी, या महिन्याच्या एकोणीसला, तिसऱ्यांदा हप्ता लागणार होता. कंपनी रोख घेत नव्हती. तिसऱ्यांदा परत गेला की मशीन उचलून नेणार, असं करारात लिहिलेलं होतं. दुकानात मशीन एकच. पाचशे वह्यांची कड एका दमात कापणारं ते धूड गेलं, तर उरलं काय, दाभण आणि खळीचा डबा. नवरा बस चालवायचा, त्याच्या पगारात घर भागायचं, दुकान नाही. तेव्हा जुन्या बँकेने आजच्या आज खातं सोडायला हवं होतं, म्हणजे हप्ता नव्या खात्यातून गेला असता. सोमवारी उशीर झाला असता.

तिने सहा वेळा फोन केले होते. सहाही वेळा उत्तर एकच, "फॉर्म पाठवलाय, तुमच्याकडून आला नाही." आणि सहाही वेळा तिने ठणकावलं होतं, "माझ्याकडे पोहोचलाच नाही. आमच्याकडे कागद हरवत नाही."

हे मात्र अगदी खरं होतं. चाळीस वर्षांपूर्वी एका शाळेने पाचशे वह्या मागवल्या आणि नेताना म्हणाली, आम्ही तीनशेच सांगितल्या होत्या. शाळेचं पत्र सापडलं नाही आणि दोनशे वह्या आप्पांच्या गळ्यात पडल्या. त्या दिवसापासून आप्पांनी नियम केला, आला कागद की शिवला कागद. आठवड्याचं सगळं टपाल, बिल असो, पत्र असो की साबणाची जाहिरात, शनिवारी पाकिटासकट ओळीने लावायचं आणि सालाच्या ठोकळ्यात शिवून टाकायचं. आता आप्पा अठ्ठ्याहत्तरचे. डोळ्यांना कमी दिसायचं, सुरी धरताना हात थरथरायचा, म्हणून मोठं काम सगळं सुनेकडे आलेलं. टपाल तेवढं आप्पांचं होतं. टपाल फोडायचे तेच आणि शिवायचे तेच. शनिवारी सुई ओवून बसले की चेहऱ्यावर अशी कळा यायची, जणू दुकान अजून त्यांच्याच जिवावर चाललंय. तिने त्यात कधी बोट घातलं नाही.

काल रात्री पुरावा शोधायला म्हणून तिने ठोकळा चाळला आणि तिला घबाडच मिळालं. बँकेचं पत्र होतं. आत तारीख पाच, आणि पाकिटावर पोस्टाचा शिक्का एकवीसचा. पत्रात म्हटलं होतं, "सोबतचा फॉर्म बारा तारखेपर्यंत परत करावा." सोबत काहीच नव्हतं. पाचला लिहिलं, एकवीसला टाकलं, बाराला परत मागितलं आणि फॉर्म घालायलाच विसरले! तिने तिथे कागदाचा कपटा घातला आणि गाढ झोपली.

बँकेत जोडखात्यांच्या टेबलावर एक तरुण अधिकारी होता, निळा टाय बांधलेला. त्याने स्क्रीनवर पाहिलं आणि तेच पालुपद सुरू केलं. "मॅडम, फॉर्म तुमच्याकडून..."

"थांबा." तिने ठोकळा टेबलावर ठेवला. टेबल जरा हललं. "ही पत्रावरची तारीख वाचा. आता पाकिटावरचा शिक्का वाचा. मोठ्याने वाचा, आप्पांना कमी ऐकू येतं."

आप्पांना चांगलं ऐकू यायचं.

टायवाल्याने वाचलं. मग त्याने पाकीट उजेडात धरायचा प्रयत्न केला, पण पाकीट शिवलेलं होतं, तेव्हा ठोकळ्यासकट उचलावं लागलं. पुन्हा खाली ठेवला तेव्हा त्याचा आवाज अर्ध्यावर आला होता. "हे... असं तुम्ही सगळंच शिवता?"

"सगळंच," आप्पा म्हणाले. खुर्चीत ते वीतभर उंच झाले होते. "साबणाची जाहिरातसुद्धा."

"आणि फॉर्म यात नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही घातलाच नाही. तेव्हा दंड सगळा परत, सदतीस दिवसांचे चौऱ्याहत्तरशे, वर दोन हप्त्यांचे सोळाशे, झाले नऊ हजार. आणि खातं आजच सोडायचं."

टायवाला उठून आतल्या केबिनमध्ये गेला. काचेतून दिसत होतं, तो हात हलवून काही सांगत होता आणि मॅनेजरबाई कपाळाला हात लावून ऐकत होत्या. परत आला तो हसत. "मॅडम, चूक आमची दिसते. विशेष परवानगी मिळालीय. दंड माफ आणि फॉर्मशिवायच खातं आज सोडतो. फक्त या पानाची कॉपी काढून घेतो."

तिने आप्पांकडे पाहिलं, बघा, मी म्हणाले नव्हते, अशा थाटात. मग कॉपीसाठी पान सपाट करायला म्हणून पत्र उलटलं आणि पुढच्या पानावर अंगठा ठेवला.

अंगठा तिथेच थांबला.

पान जाड होतं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण पंचवीस वर्षं कागद मोजलेल्या अंगठ्याला एक पदर आणि तीन पदर यांतला फरक सांगावा लागत नाही. पुस्तकात मोठा नकाशा घालायचा असला की तो तीन घड्या करून, कडा आत घेऊन असा शिवतात की बंद असताना साधं पानच वाटावं. ती कला तिला आप्पांनीच शिकवली होती. फॉर्म पत्रापेक्षा मोठा असणार. आप्पांनी तो न वाचता, सवयीने, नकाशासारखा घडी घालून सुबक शिवला होता. इतका सुबक की काल रात्री दिव्याखाली तिलाही कळलं नाही.

फॉर्म आला होता. सहा वेळा फोनवर ती खोटं बोलली होती, खरं समजून.

टायवाला कॉपीसाठी हात पुढे करून उभा होता. त्याला काय कळणार? पान उलटायचं, ठोकळा मिटायचा, नऊ हजार माफ, खातं मोकळं, मशीन जागच्या जागी. आणि उघडं केलं तर? चूक आपलीच म्हटल्यावर कुठली विशेष परवानगी? नवा फॉर्म, नवे पंधरा दिवस, सोमवारी हप्ता परत आणि मशीन टेम्पोत. पण पैशांपेक्षा आणि मशीनपेक्षा तिला टोचत होता तो शेजारच्या खुर्चीतला ताठ बसलेला म्हातारा. या माणसाला एवढ्या लोकांत सांगायचं, की तुमच्यामुळे झालं? शनिवारची सुई त्यांनी पुन्हा हातात धरली असती का?

तिने पान उलटलं आणि ठोकळा मिटायला घेतला.

"थांब," आप्पा म्हणाले. "अंगठा का थांबला तुझा?"

"कुठे? नाही आप्पा, कॉपी काढायचीय त्यांना..."

"सूनबाई, तो अंगठा मी तयार केलाय. आण इकडे."

त्यांनी ठोकळा मांडीवर ओढला, डोळे मिटले आणि पानं बोटांनी चाळली. चौथ्या पानावर त्यांचंही बोट थांबलं. घडी उलगडली, एक, दोन, तीन. कोरा करकरीत फॉर्म बाहेर आला. क्षणभर म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं सगळं बळ ओसरलं. तिला तिकडे बघवेना. डोळे भरून आले आणि त्याचा तिला रागही आला.

"सुरी दे," आप्पा म्हणाले.

"आप्पा, घरी जाऊन..."

"लग्न होऊन आलीस, पहिली वही शिवलीस, टाका चुकला तेव्हा वर कापड चिकटवून झाकायला निघाली होतीस. मी काय म्हणालो होतो?"

"उसवायचा," ती म्हणाली.

"मग दे सुरी."

तिने पर्समधली दोरा कापायची सुरी दिली. चाळीस वर्षांत कुठल्याही ठोकळ्याचा एक टाका कधी कापला गेला नव्हता. हात थरथरत होता, पण सुरी दोऱ्यावर टेकली आणि थरथर थांबली. एक टाका, दुसरा, तिसरा. फॉर्म अलगद सुटला. आप्पांनी तो टायवाल्यापुढे ठेवला. "आलेला होता. मी शिवला. चूक माझी."

टायवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "पण मग... विशेष परवानगी आता कशी देणार? आणि आजोबा, याला भोकं पडलीत."

"भोकं आमची," आप्पा म्हणाले. "उशीर तुमचा."

तोवर तिने फॉर्म ओढून घेतला होता. फॉर्म हाती आला की मागची बाजू आधी वाचायची, ही तिची खोड. शेवटच्या ओळीत मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, दोन्ही खातेदारांनी शाखेत समक्ष सही केल्यास खाते त्याच दिवशी मोकळे करण्यात येईल. तिने त्या ओळीवर नखाने रेघ ओढली.

"परवानगी राहू द्या. आम्ही दोघं समक्ष आहोत. पेन आहे?"

सह्या झाल्या. आप्पांनी सही एका भोकाला वळसा घालून केली. मग तिने ताठ बसून हिशेब घातला, जसा ती कुणालाही घालते, स्वतःला धरून. "पाकीट आलं तेवीसला, मागे पोचल्याचा शिक्का आहे. दहा ते तेवीस, चौदा दिवस तुमचे. अठ्ठावीसशे परत करा. दोन्ही हप्ते त्याआधीच परत गेले, ते सोळाशेही तुमचे. पुढचे तेवीस दिवस आमचे. शेहेचाळीसशे घ्या."

"पण मॅडम, आत्ता तर तुम्ही नऊ हजार मागत होतात."

"आत्ता मला माहीत नव्हतं."

टायवाला पुन्हा काचेआड गेला. या वेळी मॅनेजरबाईच बाहेर आल्या, फॉर्मची तीन भोकं पाहिली, आप्पांकडे पाहिलं आणि उभ्याउभ्या शिक्का मारला. घड्याळात बाराला वीस मिनिटं कमी होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. ती धास्तावूनच होती, पण आप्पा नेहमीच्या वेळी आले, टपाल फोडलं आणि ठोकळा उघडला. फॉर्मच्या जागी त्यांनी एक नवा कागद कापून बसवला होता, त्यावर काहीतरी लिहिलेलं.

"वाच आणि मग शिव," ते म्हणाले. "आज टाके तू घाल."

तिने वाचलं. अक्षर वाकडं होतं पण ओळ सरळ होती. "इथला फॉर्म मी न वाचता शिवला. तेवीस दिवसांचा दंड माझ्यामुळे पडला. सुनेने ही चूक माझ्यासाठी झाकायचा प्रयत्न केला. तोही चुकलेला टाका होता. दोन्ही उसवले."

कानशिलं तापली तिची. मग तिला हसू आलं, मग रडू, आणि दोन्ही एकदम आवरेनात. "हे राहणार इथे? कायमचं?"

"आला कागद की शिवला कागद," आप्पा म्हणाले आणि सुई ओवून तिच्या हातात दिली. "फक्त यापुढे शिवायच्या आधी मला वाचून दाखवत जा. मला आता बारीक दिसत नाही."

एवढं त्यांनी आजवर कधी कबूल केलं नव्हतं. तिने डोळे पुसले आणि पहिला टाका घातला.

"घट्ट," आप्पा म्हणाले. "सूतभर सैल आहे."